छताला गांधीलमाश्यांचं पोळं लागलंय: काढायचं की राहू द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गॅलरीच्या छताच्या कोपऱ्यात लिंबाएवढं राखाडी पोळं लोंबतंय, त्यावर सहा-सात पिवळसर तपकिरी माश्या बसलेल्या असतात. घरात चार वर्षांचं मूल आहे. शेजारच्यांचा सल्ला आहे, ‘काठीला बोळा बांधा, पेटवा आणि खाली धरा, मिनिटात काम होईल.’ काय करावं?

सगळ्यात आधी तो बोळा बाजूला ठेवा. गांधीलमाशी सुक्या लाकडाचे तंतू खरवडते, चावते, त्यात लाळ मिसळते आणि त्या लगद्याचं पोळं बांधते. म्हणजे ते पोळं खरोखरीचा कागद आहे, क्षणात भडकतं आणि पेटलेले तुकडे खाली पडतात. छताला लाकूड, वायर, पडदा काहीही असेल तर आग तिथेच लागते. शिवाय धुराने सगळ्या माश्या मरत नाहीत. ज्या सुटतात त्या चवताळून बाहेर येतात, आणि खाली हातात जळती काठी धरलेला माणूस उभा असतो. बावीस वर्षं मी घरांतून पोळी काढायचं काम करतोय. या पद्धतीने भाजलेले हात आणि काळी पडलेली छतं मी इतकी पाहिली आहेत की हे पहिल्याच परिच्छेदात सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता मुद्द्याचं. घराभोवती चावणारी माशी दिसली की ‘कशी मारायची’ हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, ती कोण आहे. दुसरा, तिच्या पोळ्यापासून तुमची रोजची वाट किती लांब आहे. या दोन्हींची उत्तरं नीट मिळाली तर निम्म्याहून जास्त वेळा काहीच करावं लागत नाही. हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतोय, पण खरं तेच आहे.

तुमच्या वर्णनावरून ही साधी कागदी पोळ्याची गांधीलमाशी आहे. खूण अशी: पोळं उघडं असतं, खालून बघितलं की षटकोनी घरं स्पष्ट दिसतात, आणि ते छताला एका बारीक देठाने टांगलेलं असतं. तो देठ नुसता आधार नाही. माशी त्याला स्वतःच्या पोटाकडच्या ग्रंथीतलं द्रव्य चोपडत राहते. त्याने मुंग्या दूर राहतात आणि अळ्या सुरक्षित राहतात. या माश्या पानावरच्या अळ्या पकडतात, चावून त्यांचा गोळा करतात आणि आपल्या पिल्लांना भरवतात. बागेत जवळपास त्यांचं पोळं असेल तर झाडांवरची कीड कमी राहते, म्हणून लांबच्या पोळ्याला मी हात लावत नाही.

हेच पोळं बंद असतं, म्हणजे बाहेरून कागदी कवच, चेंडूसारखा किंवा घागरीसारखा आकार आणि ये-जा करायला एखादंच भोक, तर गोष्ट वेगळी. ती मोठी, जाड अंगाची, रानटी गांधील असते. आत शेकडो माश्या असू शकतात आणि त्या पोळ्याचं रक्षण एकजुटीने करतात. असं पोळं स्वतः काढायचं नाही. लहान असलं तरी नाही, रात्रीही नाही.

तिसरा प्रकार लोकांना सर्वांत जास्त फसवतो. पोळं दिसतच नाही. भिंतीतल्या फटीतून, खिडकीच्या चौकटीच्या भोकातून किंवा जमिनीतल्या बिळातून माश्या सारख्या आत-बाहेर करताना दिसतात. पहिला विचार येतो, भोक बुजवून टाकू. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. एका घराच्या भिंतीतलं भोक सिमेंटने पक्कं लिंपलं आणि काम झालं म्हणून निघून आलो. दोन दिवसांनी फोन आला. बाहेरची वाट बंद झालेल्या माश्या आतल्या बाजूने प्लास्टर पोखरत विजेच्या बटणांच्या पेटीतून थेट झोपायच्या खोलीत आल्या होत्या. त्या खोलीत एक म्हातारे आजोबा झोपलेले होते. त्यांना चार डंख झाले. ते बरे झाले, पण तो फोन मला अजून आठवतो. आत वसाहत जिवंत असताना भोक कधीही बुजवू नका. आधी वसाहत संपली पाहिजे, ये-जा पूर्ण थांबलेली काही दिवस दिसली पाहिजे, मगच लिंपायचं.

कुंभारीण माशी या यादीत खरं तर यायलाच नको, पण बिचारी उगाच मारली जाते. बारीक कंबरेची, एकटी फिरणारी. ओल्या मातीचे गोळे आणून भिंतीच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या मागे, कधी कुलपाच्या भोकातसुद्धा घर बांधते. त्यात कोळी किंवा अळ्या बेशुद्ध करून ठेवते, अंडं घालते आणि घर लिंपून निघून जाते. तिला वसाहत नाही, सैन्य नाही, घराची राखण करायची सवय नाही. मुद्दाम हातात दाबली तरच चावते. मातीच्या गोळ्याला बाहेर पडायचं भोक दिसलं की ते घर रिकामं झालं, पटाशीने खरवडून टाका. नळ्या आणि यंत्रांची बारीक तोंडं मात्र तिच्यापासून झाकून ठेवा, कारण ती तोंडं ती मातीने पार बुजवते.

लाकडात गोल भोक पाडणारा काळा मोठा भुंगाही असाच बदनाम आहे. तोंडासमोर येऊन घोंघावतो तो बहुतेक वेळा नर असतो आणि नराला नांगी नसतेच. डंख मारण्याची नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचं बदललेलं रूप. त्यामुळे माशी, भुंगा, गांधील यांपैकी कुणाचाही नर चावू शकत नाही. भुंग्यांचा त्रास होत असेल तर उघड्या लाकडाला रंग द्या.

मधमाश्यांचं आणखी वेगळं. झाडाच्या फांदीवर किंवा कठड्यावर अचानक माश्यांचा घोस येऊन लटकला आणि आत पोळं दिसत नसेल, तर ती वाटेवरची टोळी आहे. नव्या घराच्या शोधात ती थोडा वेळ थांबलेली असते. तिच्यापाशी ना मध ना पिल्लं, म्हणून राखायलाही फारसं काही नसतं आणि ती सहसा शांत असते. काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत निघून जाते. लोकांना लांब ठेवा, बास. पण पोळं बांधून राहिलेल्या मधमाश्या भिंतीच्या पोकळीत असतील तर त्यांच्यावर विष मारू नका. माश्या मेल्या की आतला मध पाझरतो, मेण वितळतं, पिल्लं सडतात, मुंग्या लागतात. दुसऱ्या वसाहतीच्या माश्या तो विषारी मध उचलून घरी नेतात ते वेगळंच. मधपाळाला बोलवा. तो पोळं कापून, माश्या पेटीत घालून घेऊन जातो.

आणि आग्या मोहोळ. उंच इमारतीच्या सज्जाखाली किंवा मोठ्या झाडाला एकच प्रचंड पोळं, त्यावर काळपट माश्यांची पांघरलेली जिवंत गोधडी. मध्येच त्या गोधडीवरून लाट सरकल्यासारखी हालचाल होते, तो इशारा असतो. याला दगड मारायचा नाही, पाण्याचा फवारा मारायचा नाही, धूर करायचा नाही, खाली फटाके वाजवायचे नाहीत. या माश्या मोसमाप्रमाणे स्थलांतर करतात आणि पोळं रिकामं करून आपणहून जातात. थांबता येत असेल तर थांबणं हाच उत्तम उपाय. मोहोळ उठलंच तर पळा. तोंड आणि नाक कापडाने झाका, हातवारे करू नका आणि थेट बंद खोलीत किंवा बंद गाडीत शिरा. त्या १०० मीटरहून लांबपर्यंत पाठलाग करतात, म्हणून पन्नास पावलांवर जाऊन थांबू नका. पाण्यात उडी मारण्याचा सल्ला चुकीचा आहे. त्या वर घिरट्या घालत थांबतात आणि डोकं बाहेर काढलं की तोंडावर बसतात.

आता तुमच्या पोळ्याकडे परत येऊ. पण त्याला हात लावायच्या आधी, चावलंच तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. लोक हे नेहमी नंतर विचारतात.

डंखाच्या जागी काटा राहिलाय का ते बघा. राहिला असेल तर ती मधमाशी. तिच्या नांगीला उलटे दाते असतात, त्यामुळे नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत रुतून राहते आणि माशी मरते, पण पिशवी पुढे काही सेकंद विष ढकलतच राहते. म्हणून काटा ताबडतोब काढा. नखाने, चिमट्याने, कार्डाच्या कडेने, कशानेही. चिमटीत धरून काढला तर विष जास्त जातं असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १९९६ मध्ये हे प्रत्यक्ष तपासलं गेलं तेव्हा दिसलं की कसा काढला याने फरक पडत नाही, किती लवकर काढला याने पडतो. कार्ड शोधत बसू नका. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, त्यामुळे ती एकटीच पुन्हा पुन्हा चावू शकते.

मग तिथून दूर व्हा. चावलेली मधमाशी पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सोडते. तो इतर माश्यांना ‘इथे हल्ला करा’ असं सांगणारा असतो. गांधीलमाश्यांच्या विषातही असा बोलावणारा वास असतो, म्हणून पोळ्याजवळ एखादी माशी चिरडणं म्हणजे बाकीच्यांना हाक मारणं. लांब गेल्यावर जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं ठेवा, अंगठी किंवा कडं असेल तर सूज चढायच्या आत काढा. सोडा, व्हिनेगर, कांदा, चिखल यांत वेळ घालवू नका. ‘मधमाशीचं विष आम्ल, गांधीलमाशीचं अल्क, म्हणून उलटं लावा’ हा हिशोब दिसायला सुबक आहे, पण विष कातडीच्या आत शिरलेलं असतं आणि दुखतं ते त्यातल्या प्रथिनांमुळे. वरून चोळलेलं तिथपर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर घाबरू नका. हाताला चावलं आणि अर्धा हात सुजला असं होतं. ही सूज साधारण २४ ते ४८ तासांत सर्वांत जास्त होते आणि उतरायला आठवडाही लागू शकतो. ती बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची नसते, त्यामुळे स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. खाज कमी करणारी ॲलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या.

घाबरायचं ते दुसऱ्या लक्षणांना. डंख पायाला आहे पण गांध्या पोटावर, मानेवर उठल्या. ओठ किंवा जीभ सुजली. आवाज घोगरा झाला, श्वासात शिट्टी वाजू लागली. उलटी, पोटात मुरडा, चक्कर, अंग गार पडणं. ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीराने दिलेली टोकाची ॲलर्जीची प्रतिक्रिया. बहुधा काही मिनिटांत सुरू होते आणि जीव घेऊ शकते. यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णवाहिका बोलवा, माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर ठेवा. धाप लागत असेल तर टेकून बसू द्या, पण एकदम उभं करू नका आणि चालवू नका. चालत दवाखान्यात नेताना वाटेत रक्तदाब कोसळतो. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबावं लागतं, कारण लक्षणं परत उलटू शकतात.

‘मला आधी चावलीय, काही झालं नव्हतं’ यावर विसंबू नका. १९०२ मध्ये पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाचं (सी ॲनिमोन या समुद्री प्राण्याचं) विष कुत्र्यांना दिलं. पहिला डोस पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी छोट्या डोसाने मेले. त्यावरूनच त्यांनी या प्रकाराला नाव दिलं आणि रिशे यांना त्यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. म्हणजे पहिल्या वेळी शरीर फक्त शिकतं, भडका पुढच्या वेळी उडू शकतो. एकदा अशी प्रतिक्रिया आलेल्या माणसाने ॲलर्जीतज्ज्ञाला भेटावं. विषाचे अगदी सूक्ष्म डोस वाढवत नेण्याचे उपचार आहेत, तीन ते पाच वर्षं चालतात आणि फार चांगले लागू पडतात. अशा माणसाने पोळं काढायच्या कामात अजिबात पडायचं नाही, खिडकीतून बघायलाही थांबायचं नाही.

आणखी तीन प्रसंगी ॲलर्जी नसली तरी दवाखाना गाठा: तोंडात किंवा घशात डंख झाला तर, डोळ्यात झाला तर, आणि एकदम खूप डंख झाले तर. लहान मुलाला आठ-दहा डंखही मी खूप धरतो. जास्त विष अंगात गेलं की स्नायू आणि मूत्रपिंडं बिघडू शकतात आणि ते लगेच कळत नाही. लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली तर एक तासही थांबू नका.

आता काढायचं की नाही. माझा स्वतःचा ठोकताळा असा: उघडं, देठाचं पोळं माणसाच्या डोक्याच्या वर निदान दोन हात असेल आणि रोजच्या वाटेवर, दाराच्या किंवा खिडकीच्या उघडझाकीच्या आड येत नसेल तर राहू द्या. ते गॅलरीत असेल आणि चार वर्षांचं मूल तिथे चेंडू खेळत असेल तर काढा. मुलाला ‘हलू नको’ सांगून भागत नाही. तुमच्याकडे सहा-सात माश्या आहेत म्हणून हे अजून घरी करण्याजोगं काम आहे. महिनाभर थांबलात तर त्याच पोळ्यावर कितीतरी जास्त माश्या असतील. पंधरा-वीसच्या पुढे गेलं, शिडी लागणार असेल, विजेच्या मीटरजवळ असेल, किंवा घरात कुणाला ॲलर्जी असेल तर व्यावसायिकाला बोलवा. शिडीवर चढून तर कधीच नाही. माशी तोंडावर आली की माणूस दोन्ही हात सोडतो, हे अनुभवी माणसालाही आवरत नाही.

वेळ पूर्ण अंधार पडल्यानंतरची. तेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात आणि अंधारात नीट उडत नाहीत. गॅलरीचा आणि आतल्या खोलीचा दिवा बंद ठेवा, कारण उठलेली माशी उजेडाकडे झेपावते. टॉर्च लागलाच तर काचेवर लाल कागद लावा, लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही. टॉर्च हातात धरू नका, बाजूला ठेवा. फिक्या रंगाचे जाड, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा, डोक्याला आणि मानेला कापड. मूल आणि पाळीव प्राणी आतल्या खोलीत, दार बंद. तुमचं परतीचं दार मात्र उघडता येईल असं, आणि मधल्या वाटेत खुर्ची-कुंडी काही नको. ही वाट दिवसा एकदा चालून बघा.

औषध साधं आहे: लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे तीन-चार मोठे चमचे. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, ते माशीच्या अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं आणि पंख जड होऊन ती उडू शकत नाही. झाडांवर मारायच्या पंपाचं तोंड धुक्यावर न ठेवता धारेवर ठेवा. पोळ्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, तिरकं उभं राहा. अर्धमेल्या माश्या सरळ खाली पडतात आणि पडलेली माशीही चावते. सलग, न थांबता मारा, पोळं चिंब होऊ द्या. दोन-तीन फवारे मारून ‘बघू काय होतं’ म्हणून थांबणारेच चावून घेतात. मग आत या, दार लावा आणि सकाळपर्यंत बाहेर जाऊ नका.

तयार स्प्रे वापरणार असाल तर डब्यावरच्या सूचना वाचा. बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. त्यातली काही मांजरांना घातक आहेत आणि पाण्यातल्या माशांना सगळीच, तेव्हा माशांची टाकी झाका. त्यातला वायू पेट घेतो, म्हणून आजूबाजूला ज्योत नको. उघड्या, छोट्या पोळ्याला मात्र साबणपाणी पुरतं आणि मूल असलेल्या घरात मी तेच वापरतो.

सकाळी खाली पडलेल्या माश्या बूट घालून झाडा, चिमटीत उचलू नका. पोळं लांब काठीने खरवडून जाड पिशवीत पाडा, त्यात थोडं साबणपाणी ओता आणि गाठ मारा. देठाचा उरलेला ठिपका पटाशीने पार घालवा, जागा साबणाने घासा आणि वाळल्यावर तिथे रंगाचा हात द्या. रात्री बाहेर राहिलेली एखाद-दुसरी माशी दोन-तीन दिवस त्या रिकाम्या जागी येऊन घिरट्या घालेल. तिला पोळं सापडत नाही आणि राखायला काही उरलेलं नाही, म्हणून ती सहसा चावायला येत नाही. ती येणं थांबेपर्यंत गॅलरीचं दार लावलेलंच ठेवा. पुढचे काही आठवडे दर चार-पाच दिवसांनी छताचे कोपरे बघत जा. बोटाच्या पेराएवढं नवं पोळं आणि त्यावर एकटीच माशी दिसली, तर ती उडून गेलेली असताना काठीने पाडून टाका.